एकट्यानं कचेरीत जायचं नाही
(कार्यकर्ता शिबिरातलं भाषण)



मी सातारा-सांगलीकडचा. १९४२ साली आजच्या सांगलीचा बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता. ९ सप्टेंबरला वडूजला कचेरीवर मोर्चा गेला. पोलिसांनी गोळ्या घातल्या, माणसं मेली. पुढारी भूमिगत झाले. मग दरोडेखोर आणि खबरे गावांना छळू लागले. सरकार होतं, पण गरिबाला त्याचा आधार नव्हता, धाकच होता.

तेव्हा १९४३ पासून नाना पाटलांच्या मागं लोकांनी प्रतिसरकार उभं केलं. ते १९४६ पर्यंत चाललं. कुंडलकडं तुफान सेना झाली. गावोगाव न्यायदान मंडळं बसली. जमिनीचे, सावकारीचे तंटे गावातच मिटू लागले. बंदुका थोड्याच होत्या. खरं बळ गावाचं. गाव भाकरी द्यायचं, लपवायचं, तोंड उघडायचं नाही. का? निवाडा आपल्या माणसांसमोर व्हायचा म्हणून.

गुन्हेगाराच्या तळपायावर मारही द्यायचे. तो मार आपण घ्यायचा नाही. गावाची बैठक तेवढी घ्यायची.

आज गार्ड येतो, कोंबडी मागतो, दंडाची पावती देत नाही. एकटा माणूस भितो. आपल्यात बांधावरनं भांडण असलं, की त्याचं आणखी फावतं. म्हणून पाड्यापाड्यात समिती करा, बाया धरून. कोण कुठली जमीन किती सालापासून कसतो, ते वहीत लिहा. आपले तंटे आपल्या बैठकीत मिटवा. पावतीशिवाय पैसा नाही, आणि एकट्यानं कचेरीत जायचं नाही.

जिंदाबाद!