कीचक कोण, हे सगळ्यांना कळलं होतं

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर तशाच ऐका, हात थांबवू नका. गेल्या खेपेला गटातल्या एकीनं विचारलं होतं, "ताई, दिवस असे आहेत की तोंड उघडलं तर वैर येतं. मग आपण नाटक बसवायचं तरी कसं?" आज त्यावरच बोलते.

विराटपर्वातली गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकलेलीच आहे. पांडव अज्ञातवासात. द्रौपदी सैरंध्री होऊन राणी सुदेष्णेची वेणीफणी करते. राणीचा भाऊ कीचक, राज्याचा सेनापती. त्याची नजर तिच्यावर पडते. आणि राणी काय करते? भावाच्या घरून दारू आण म्हणून सैरंध्रीलाच तिकडे धाडते. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल. ती कशीबशी सुटून दरबारात धावते, तिथं कीचक तिला भर सभेत लाथ मारतो. राजा गप्प. धर्मराज म्हणतो, दम धर. शेवटी स्वयंपाकी बनलेला भीम रात्री कीचकाचा निकाल लावतो.

आता १९०७ साल घ्या. लॉर्ड कर्झनने १९०५ मध्ये बंगालची फाळणी केलेली, देशभर विलायती मालावर बहिष्कार. पुढच्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला धाडलं गेलं. अशा दिवसांत सरकारला उघड शिवी देणारं नाटक कोण लिहील? लिहिलं तरी करू कोण देईल? सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर 'केसरी'त टिळकांच्या हाताखाली काम करत. त्यांनी नाटक लिहिलं 'कीचकवध'. त्यात कर्झनचं नाव नाही, इंग्रज नाही, बंगाल नाही. नुसतं महाभारत.

पण बघणाऱ्याला कळायचं ते कळलं. कीचक म्हणजे कर्झन. सैरंध्री म्हणजे आपला देश. दम धर म्हणणारा धर्मराज म्हणजे अर्ज-विनंत्या करणारे मवाळ, आणि भीम म्हणजे जहाल. कुणी समजावून सांगायची गरजच पडली नाही, कारण गोष्ट लोकांच्या घरातली होती. आपल्याकडे म्हणतात ना, लेकी बोले सुने लागे. तसंच.

सरकारलाही उशिरा का होईना कळलं. १९०९ च्या डिसेंबरात नाशिकला कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्याही नाटकगृहात, 'शारदा' नाटक बघायला तो आला होता तेव्हा. १९१० मध्ये 'कीचकवधा'वर बंदी आली. त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही. नाटकं बंद पाडायचा कायदा इंग्रजांनी १८७६ मध्येच करून ठेवला होता, तोही बंगालमधल्या नाटकांना घाबरून.

लंडनच्या 'टाइम्स'चा व्हॅलेंटाईन चिरोल नावाचा पत्रकार होता. त्यानं आपल्या पुस्तकात या नाटकाबद्दल लिहिलंय, आणि त्यात प्रेक्षकांतल्या बायकांचा उल्लेख आहे. सैरंध्री काकुळतीला येते तेव्हा त्यांच्या डोळ्यांत काय दाटून येत होतं, हे त्या परक्या माणसानंही टिपलं. हा काही आपला मित्र नव्हे. टिळकांनी त्याच्यावर बदनामीचा खटला भरला होता. तरी मला वाटतं, एक गोष्ट त्याला दिसली नसावी. त्या बायका फक्त देशासाठी रडत असतील का? घरातला कीचक कितीजणींना आठवला असेल! आणि गंमत बघा, रंगमंचावर सैरंध्री झालेला मात्र पुरुषच.

इथं माझं खाडिलकरांशी थोडं भांडण आहे. त्यांचं धाडस मोठंच. पण बाईनं रडायचं आणि भीमानं मारायचं, एवढ्यावर आपलं भागत नाही. म्हणून मला 'मुलगी झाली हो' जवळचं वाटतं. स्त्री मुक्ती संघटनेच्या ज्योती म्हापसेकरांनी लिहिलं, १९८३ पासून त्याचे प्रयोग झाले. हुंडाबळी, मथुरा प्रकरण, बलात्काराच्या कायद्यासाठी मोर्चे, असे ते दिवस. पडदा नको, नेपथ्य नको. गाणी म्हणत बायाच उभ्या राहिल्या. त्यांतल्या पुष्कळजणी घरचं आवरून आलेल्या.

आता आमच्या गावचं सांगते. गेल्या वर्षी दारू दुकानाच्या मतदानाआधी आम्ही नाटुकलं बसवलं. नियम तुम्हाला ठाऊक आहे, आलेल्यांतल्या निम्म्या चालत नाहीत; गावातल्या एकूण बाई-मतदारांतल्या निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागतं. म्हणजे जी घरी बसली, ती उभ्या बाटलीकडंच मोजा. आमच्या नाटुकल्यात दुकानदार होता. दोन दिवस आधी एक वजनदार गृहस्थ घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "दुकानदाराचं पात्र काढा, नाहीतर मंडप मिळणार नाही."

आम्ही पात्र काढलं. रात्री बसून सैरंध्री आणली. राणी तिला म्हणते, जा, कीचकाच्या घरून दारू घेऊन ये. सैरंध्री घागर खाली ठेवते आणि म्हणते, मी नाही जात. एवढंच बदललं. मग मागच्या बायांतून एकेक जण उठून आपापली घागर तिच्या घागरीशेजारी ठेवते. मंडप मिळाला. ते गृहस्थ पहिल्या रांगेत बसले होते. तिसऱ्या घागरीला ते उठून गेले.

मतदानात आम्ही थोडक्यात हरलो. बऱ्याच जणी शेतावर होत्या, काहींना घरून सोडलंच नाही. आता पुन्हा सह्या गोळा करतोय. नाटुकलंही पुन्हा बसवतोय, या खेपेला गावात न करता वस्त्यांवर, संध्याकाळी बाया परतल्यावर. सुदेष्णा करायला कुणी तयार होत नाही, सगळ्यांना सैरंध्रीच व्हायचंय. जिचा आवाज मोठा असेल तिनं बुधवारी शाळेच्या ओट्यावर यावं. घागर घरूनच आणावी.