खो-खो खेळणाऱ्या मुलाचे पुढे काय?



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना वंदन करून आम्ही घरोघरी पडणाऱ्या एका प्रश्नाविषयी बोलणार आहोत. आपल्या तेरखेड्यातला एखादा मुलगा खो-खोत उत्तम संरक्षण करतो. शिक्षक म्हणतात, हा पुढे जाईल. फटाक्याच्या कारखान्यात रोजंदारी करणारे आईबाप विचारतात, खेळून पोट भरेल काय? या प्रश्नाला टाळ्या हे उत्तर नव्हे.

प्रथम मुलगा पारखावा. गावच्या सामन्यात तो बाद होत नाही, एवढ्यावर भुलू नये. संरक्षकाचे मोल घड्याळ सांगते. तिघांच्या तुकडीतले दोघे बाद झाल्यावर तो एकटा किती टिकतो, हे सामन्यागणिक मिनिट-सेकंदांत वहीत लिहावे. एकेरी साखळीत दम पुरतो का, रिंगणात चटकन दिशा बदलते का, खांबाजवळ सूर मारणाऱ्याला हूल देता येते का, हे पाहावे. मातीवर टिकणारा मॅटवर टिकतोच असे नाही आणि मोठे सामने मॅटवर होतात. चौदा वर्षांखालील किशोर आणि अठरा वर्षांखालील कुमार गटात जिल्ह्याच्या, मग राज्याच्या संघात निवड होणे ही खरी परीक्षा.

वाट बंद नाही, हे आपल्याच जिल्ह्याने दाखविले आहे. गरिबीतून वर आलेल्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा मान बावीस वर्षांनी लाभला. त्या तालुका क्रीडा अधिकारी झाल्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या महिला संघातही आपल्या जिल्ह्याची अश्विनी शिंदे होती.

आता पैशाचा हिशेब. अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक लीग २०२२ साली पुण्यात सुरू झाली. संघ अवघे सहा, तेही पुरुषांचे. मुलींना तेथे दार नव्हते. पहिल्या हंगामात वरच्या गटातील खेळाडूला पाच लाख, शेवटच्या गटातील खेळाडूला एक लाख रुपये ठरले. एक लाख बारा महिन्यांत वाटले तर महिना साडेआठ हजारही पडत नाहीत. शिवाय दुसरा हंगाम वर्ष उलटून गेल्यावर, २०२३ च्या डिसेंबरात सुरू झाला. मधल्या काळात चूल कशावर पेटवायची?

म्हणून भरवसा नोकरीवर ठेवावा लागतो. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पण स्पर्धेच्या प्रमाणपत्राबरोबर त्या पदाची शैक्षणिक पात्रताही लागते. शाळा सोडलेल्या मुलाच्या हाती नुसते पदक उरते.

तथागतांनी मध्यम मार्ग सांगितला. मुलाचे मैदान तोडू नका आणि मैदानासाठी पुस्तकही सोडू नका. अठराव्या वर्षापर्यंत दोन्ही चालवावे. तोवर राज्य संघात जागा मिळाली तर आणखी जोर लावावा; न मिळाली तर पदवी, पोलीस भरती, क्रीडाशिक्षक हे मार्ग आहेतच. मैदानावर कमावलेला दम तेथेही कामी येतो.

समाजाने काय करावे? बूट, अंडी-दूध, निवड चाचणीचे गाडीभाडे आणि प्रमाणपत्रे जपणारी एक फाईल, एवढा भार संस्थेने उचलावा. मुलींसाठी तर आधी उचलावा. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले. आपल्या मुलांनी शिकत खेळावे आणि खेळत शिकावे.

जय भीम! नमो बुद्धाय!