वडिलांना दिलेला शब्द
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला निरोप धाडला तेव्हा ‘संगीत आणि स्त्री’ या विषयावर बोलावे असे सुचविले होते. त्या विषयावर मी याच व्यासपीठावरून पूर्वी दोनदा बोलले आहे आणि दोन्ही वेळा तेच तेच बोलले आहे. म्हणून आज मी एका पुरुषाविषयी बोलणार आहे. पंडित ब्रिजभूषण काब्रा हे त्यांचे नाव, आणि त्यांचे वाद्य गिटार. मागच्या रांगेत दोघी-तिघी हसल्या त्या मला दिसल्या. हसू द्या. वर्षापूर्वी मीही अशीच हसले होते, आणि ते कसे महागात पडले ते सांगण्यासाठीच आज उभी आहे.

झाले असे. गेल्या दिवाळीनंतर आपल्या एक जुन्या सभासद नातीला घेऊन गायनवर्गात आल्या. मुलगी कॉलेजात जाणारी, हातात गिटार. “बाई, हिला यावर राग वाजवायला शिकायचंय. तुम्ही स्वरज्ञान द्याल का?” असे त्यांनी विचारले. मी म्हटले, “अहो, ते वाद्य आपल्या वर्गात कसं बसायचं? तिला पेटी शिकू द्या.” आजी काही बोलल्या नाहीत. मुलीने मान डोलावली आणि दोघी निघून गेल्या. त्या पुन्हा आल्या नाहीत.

पुढे घरची अडगळ काढताना यजमानांच्या जुन्या तबकड्यांत ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी हाती लागली. पूर्वी आमच्याकडे ती पाहुणे आले की लावीत, आणि गप्पांच्या आड ती ऐकूही येत नसे. या वेळी मी एकटीच होते. शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी ओळखीची होती. त्यांच्यामधून तिसरे एक वाद्य बोलत होते. ते एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर असे घरंगळत जाई, की मध्ये कुठे पायरीच लागू नये. गळाच तो! तबकडीचे वेष्टण उलटून पाहिले तर लिहिलेले : गिटार, ब्रिजभूषण काब्रा. मला त्या मुलीचा चेहरा आठवला.

तेव्हापासून त्यांचे जे मिळेल ते ऐकत आणि त्यांच्याविषयी वाचत आले. काब्रा कुटुंब राजस्थानातले, जोधपूरचे. ब्रिजभूषणजींचा जन्म 1937चा. वडील गोवर्धनलाल हे संगीताचे जाणते रसिक. थोरले बंधू दामोदरलाल सरोद वाजवीत आणि ते उस्ताद अली अकबर खाँसाहेबांचे शागीर्द. खाँसाहेब त्या काळी जोधपूर दरबारचे कलावंत होते. म्हणजे घरात रागदारी ही रोजच्या भाकरीसारखी. धाकट्या चिरंजिवांना मात्र वादक व्हायचे नव्हते. ते भूगर्भशास्त्र शिकले. अशात कलकत्त्याला गेले असता त्यांच्या कानी हवाईयन गिटार पडली आणि तिने त्यांचे मन धरून ठेवले.

ही हवाईयन गिटार म्हणजे काय, ते दोन शब्दांत सांगते. नेहमीची गिटार छातीशी धरून डाव्या हाताच्या बोटांनी तारा दाबतात. ही मांडीवर आडवी ठेवतात. तारा पडद्यांपासून उंच उचललेल्या असतात, आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारेवरून सरकवायची. ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर जोसेफ केकुकू या तरुणाने रुळवली, असे मानतात. तिथून ती जगभर पसरली. हवाईचे ताऊ मो नावाचे वादक चाळीसच्या दशकात कलकत्त्यात राहत होते आणि त्यांनी तेथे शिष्यही तयार केले. पुढे व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली यांनी गिटारवर सिनेमाच्या चाली वाजविल्या. त्या तबकड्या घरोघरी गेल्या. आपल्या मनात गिटार बसली ती तीच.

गोवर्धनलालजींना हे वाद्य पसंत पडले नाही यात नवल नाही. सरोद-सतारीच्या घरात हे परदेशी खूळ कशाला? तेव्हा मुलाने वडिलांना शब्द दिला, की या वाद्यावर मी आपले रागसंगीतच वाजवीन, दुसरे काही वाजविणार नाही. भगिनींनो, असले शब्द मुले पुष्कळ देतात. आपणही दिले असतील. पण शब्द दिला तेव्हा त्या मांडणीत राग वाजवायची सोय नव्हती, हे ध्यानात घ्या. आधी शब्द दिला आणि मग तो पाळण्यासाठी वाद्यच नव्याने घडवावे लागले.

सतारीवर वादक मधूनमधून चिकारीच्या तारा छेडतो. त्या षड्जाच्या झणकाराने लय हलती राहते आणि झाला रंगतो. गिटारला चिकारी कुठली? ती काब्रांनी बसविली. तारांचा क्रम आणि मेळ आपल्या रागांच्या सोयीने बदलला. उजव्या हाताच्या बोटांत नख्या घातल्या. पण वाद्य दुरुस्त केले म्हणजे राग येतो असे नाही. पडदे असून नसल्यासारखे. कांडी केसभर सरकली की स्वर बेसूर. शिवाय मींड जितकी सहज, तितकी तान अवघड. पेटीवर बोटे धावतात. इथे एकच कांडी, तिलाच उडी मारून नेमक्या जागी थांबायचे, आणि मागे फरफट ऐकू येता कामा नये. गिटारची ही खोड फार कमी जणांना मोडता येते. काब्रांचे आलाप मला सर्वांत आवडतात ते यामुळेच असेल. त्यांना घाई नसे. वाद्याला जे उत्तम येते, तेच ते त्याच्याकडून आधी सावकाश वदवून घेत.

शिकवणार कोण, हाही प्रश्नच होता. हे वाद्य वाजविणारा गुरू रागदारीत मिळायचा नाही. काब्रा अली अकबर खाँसाहेबांकडे गेले. सरोदिया गिटार काय शिकवणार, असे तुम्ही म्हणाल. पण सरोदलाही पडदे नसतात. धातूच्या पट्टीवर नखे सरकवूनच त्यातली मींड निघते. आणि सरकवण्याची कला आपल्याला नवी नव्हतीच. विचित्र वीणेवर काचेचा गोटा सरकवतात, दक्षिणेत गोट्टुवाद्यमही तसेच वाजते. हवाईहून आले ते फक्त खोके, असे मी तर म्हणेन.

आता त्या तबकडीकडे येते. ती 1967च्या सुमाराची. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस सकाळच्या अहिरभैरवापासून पिलू, भूप, देस असा उतरत पहाडीपर्यंत जातो. तबल्याला माणिकराव पोपटकर. आणि ग्रामोफोन कंपनीत ती घडविली ती आपल्या जी. एन. जोशींनी, तेच भावगीतगायक जोशी. तिघे वादक त्या वेळी तिशीच्या आसपासचे, आणि तिघांची वाद्ये मैफलीच्या दारातली. बासरी पन्नालाल घोषांनी नुकतीच आत आणली होती. संतूरला मींड येत नाही म्हणून लोक नाके मुरडीत. गिटारला तर कुळच नव्हते. त्या तबकडीने तिघांना घरोघरी नेले. पुढे संतूर आणि बासरीचा डंका जगभर झाला, काब्रांचे नाव तितके झाले नाही. मला याचे वाईट वाटते. पण त्यांनी सवंग होऊन ते मिळवायचा प्रयत्न केला नाही, हेही खरे. पुढे जयपूरच्या विश्वमोहन भट्टांनी गिटारला तरफा बसवून तिला मोहनवीणा म्हटले आणि 1994 साली अमेरिकेचे राय कूडर यांच्यासह ग्रॅमी पारितोषिक मिळविले. काब्रांनी मात्र आपल्या वाद्याला अखेरपर्यंत गिटारच म्हटले. कुळ लपवले नाही. कलकत्त्याचे देबाशिष भट्टाचार्य हे त्यांचेच शिष्य. बनारसच्या डॉ. कमला शंकर याच वाद्यावर रागदारी वाजवितात, हे मुद्दाम सांगते; बाईमाणसाला हे झेपेल का, ही शंका कोणी काढण्याआधीच. काब्रा 2018च्या एप्रिलमध्ये वारले.

आता थोडे आपल्या घरचे. मी त्या मुलीला पेटी शिक म्हटले. ही पेटी कुठली? तीही साहेबाच्या देशातून आली. तिच्यात मींड निघत नाही म्हणून 1940 ते 1971 आकाशवाणीने तिला दारातही उभे केले नव्हते. व्हायोलिनही तिकडचेच, पण व्ही. जी. जोगांचे व्हायोलिन ऐकताना ते कोणाच्या मनात तरी येते का? ज्या वाद्यात मींड नाही ते मी तीस वर्षे शिकवत आले, आणि ज्यात मींडच मींड आहे ते घेऊन आलेल्या मुलीला मी परत पाठविले. शास्त्र माझ्या बाजूला नव्हते. सवय होती, दुसरे काही नाही.

गेल्या पंधरवड्यात मी त्या आजींच्या घरी गेले. मुलगी घरी होती. गिटार खोलीत कपाटावर खोळीत ठेवलेली. तिने मधल्या काळात शिकवणी शोधली, मिळाली नाही, आणि वाजवणे सोडले. मी तिला सरळ सांगितले की चूक माझी होती. कांडी कशी धरायची ते मला येत नाही. स्वर बेसूर लागला तर मात्र सांगता येईल. ती “बघते” म्हणाली. आजी म्हणाल्या, “चहा तरी घ्या.”

कार्यकारिणीकडे माझा अर्ज गेला आहे. मंगळवार-शुक्रवारच्या गायनवर्गात तंतुवाद्यांना मुभा असावी, गिटारसह. खर्च काही नाही, एक सतरंजी जास्त लागेल. पेट्यांशेजारच्या कोनाड्यातली जुनी वह्यांची गठडी मी काल हलविली आहे. मंगळवारी साडेचार वाजता मी तिथे बसलेली असेन. ती आली तर भूपापासून सुरुवात करू.