मोहाची घटका
(पवनार येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



धाम नदीकाठच्या या पवनारात विनोबा १९३८ साली राहावयास आले. वर्धा जिल्ह्यात दारूबंदीही सुमारे पाच दशकांची आहे. तरी आपल्या घरांतून व्यसनी माणूस नाही असे नाही. तो लपविला जातो, इतकेच. लग्नाची बोलणी चालू असली म्हणजे तर विचारूच नका!

उपचार घेऊन परतलेल्या माणसाची खरी कसोटी घरीच लागते. अपमान, एकटेपणा, पगाराचा दिवस, कोणतेही निमित्त पुरते आणि तलफ उसळते. परंतु ती बहुधा अर्ध्या तासात ओसरते. जुन्या हिशेबाने एक घटकाच म्हणा ना! ती निभावण्यास खिशातील मोबाईल उपयोगी पडतो, असे आम्हांस वाटते. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३४९ मद्यासक्त होते. मन शांत करणारी ध्वनिमुद्रणे, सोबत्यांशी संवाद व मदतीची कळ असलेला फोन ज्यांना दिला, त्यांचे अतिमद्यपानाचे दिवस महिन्यास सरासरी १.३९ भरले, इतरांचे २.७५.

आपल्याकडे व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनःस्वास्थ्यासाठी २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हे विनामूल्य क्रमांक आहेत. दुसऱ्यावर मराठीतही बोलता येते. दारू पोहोचविणाऱ्याचा क्रमांकही त्याच फोनात असतो. तो आधी पुसावा. कंप, भास वा झटके दिसल्यास मात्र फोनवर न विसंबता तत्काळ रुग्णालय गाठावे.

हे क्रमांक त्याच्या पत्नीच्याही फोनात असू द्यावेत. रात्री मन मोकळे करावयास तिलाही कोणी हवे असते.