एक्स्प्रेस कुणी केली?

आयोजकांचा परवा फोन आला, "सर, कथास्पर्धेचं पहिलं बक्षीस तेवढं भाषणातच जाहीर करून टाका." नाही करणार. खेळावरच्या सगळ्या कथा मी वाचल्या. प्रत्येकीत पोर अनवाणी धावते, बाप कर्जात असतो, टाचा रक्ताळतात आणि शेवटच्या परिच्छेदात फीत तुटते. ही गोष्ट वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांनी केव्हाच लिहून ठेवलीय; तुम्ही तिच्यावर नाव तेवढं घातलंत.

आपल्याच जिल्ह्यातलं पाहा. त्र्यंबक तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूला आशियाई रौप्य. आपण कौतुकाने तिला 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणालो. अहो, मुलीची आगगाडी केली! गाडीला दमायची मुभा नसते. ती फार तर लेट होते, आणि लेट झाली की फलाटावरचे आपण चिडतो. 2016 ला रिओमध्ये हीच कविता मॅरेथॉन धावली, 120वी आली. 42 किलोमीटर, जवळजवळ तीन तास. त्या तीन तासांवर या व्यासपीठावरच्या आम्हा लेखकांपैकी एकालाही ओळ सुचली नाही. त्यात मीही आलो.

आणि दमायची मुभा नसण्याची किंमत पोरी मोजतात. कमी खाऊन जास्त धावणाऱ्या मुलीची पाळी थांबू शकते, हाडं ठिसूळ होतात, नडगीला बारीक तडा जातो. एका मैदानावर मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, "पाळी थांबली? बरं झालं, सरावात खंड नाही." बोलणारा काही राक्षस नव्हता. सोसलं की पदक मिळतं, ही आपलीच गोष्ट त्याच्या डोक्यात बसली होती.

फीत न तुटताही गोष्ट होते. ॲलन सिलिटो या इंग्रज लेखकाने 1959 मध्ये सुधारगृहातल्या एका पोराची कथा लिहिली. शर्यतीत सगळ्यांच्या पुढे असलेला तो पठ्ठ्या तिथल्या गव्हर्नरच्या डोळ्यांदेखत फितीच्या अलीकडे मुद्दाम थांबतो. लांब कशाला, माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त गाव मिळून तालीम बांधतं. तिथून कुणी महाराष्ट्र केसरी निघत नाही, म्हणून कादंबरीचं काही अडलं का?

पाळीवरचं ते बोलणं ऐकलं, त्याच मैदानावर चौथी आलेली एक पोर पाहिली. छातीवरच्या नंबराच्या चार सेफ्टी पिना तिने एकेक करून काढल्या आणि पुढच्या वेळी लागतील म्हणून फ्रॉकच्या पट्टीला ओळीने लावून ठेवल्या. बाप मोबाइलमधली वेळ पुन्हा पुन्हा बघत होता. दोघं बोलत नव्हते. एसटीला दीड तास होता.

तो दीड तास मला कुणीतरी लिहून आणा. बक्षिसाचं पाकीट तोवर माझ्या खिशात राहील, आणि आयोजकांनी ते मागू नये.