रत्नागिरीचा वारा आणि विजेचा पतंग

रत्नागिरीच्या किनाऱ्यास वाऱ्याची ओळख करून द्यावयास नको. गलबतांचीं शिडें त्यानेंच फुगविलीं आणि त्यानेंच फाडलीं. १९८६ सालीं त्याच वाऱ्यास विजेच्या कामास जुंपण्यांत आलें. देशांतील पहिल्या पवनविद्युत्-केंद्रांपैकीं एक, ५५ किलोवॅटच्या पवनचक्क्यांचें, रत्नागिरीस उभें राहिलें.

परंतु जमिनीजवळचा वारा झाडाडोंगरांशीं घासून मंदावतो. उंचावर तो मोकळा वाहतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याची शक्ति आठपट होते. मनोऱ्याच्या उंचीस मर्यादा आहे. पतंगास मात्र दोर पुरतो. वाऱ्यास आडवा, वेगानें फिरणारा पतंग स्थिर पतंगाहून कितीतरी अधिक शक्ति देतो, हें १९८० सालीं अमेरिकेंतील माइल्स लॉइड यांनीं गणितानें दाखविलें. पतंग ओढ घेतो, दोर सुटतो, आसारी फिरते व तिला जोडलेलें जनित्र वीज देतें. नंतर पतंगाची ओढ कमी करून, थोडी वीज खर्चून, दोर पुन्हां गुंडाळावयाचा.

अडचण पतंग उडविण्याची नसून सांभाळण्याची आहे. पंखांवरच जनित्रें बसविलेला, मकानी या अमेरिकन कंपनीचा ६०० किलोवॅटचा पतंग २०१९ सालीं नॉर्वेच्या समुद्रावर उडाला. २०२० सालीं तो उद्योगच थांबला. कोंकणांत तर वळवाच्या विजा आणि आषाढाचा सोसाटा. वारा केव्हां घ्यावा आणि शीड केव्हां उतरवावें, हें येथल्या तांडेलास ठाऊक असतें. पतंगाच्या यंत्रास तें अजून शिकावयाचें आहे.