उतारवय आणि धावणे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हा मी ‘उतारवयातील धावणे’ असे सांगितले. ते क्षणभर हसले आणि म्हणाले, “अहो, आपल्यातील साठीपुढची मंडळी सभागृहाचा जिना कठड्याला धरून चढतात. त्यांना आपण धावायला सांगणार?” मी उत्तरलो, “कठडा धरावा लागतो, म्हणूनच सांगणार.” त्यांची शंका आपल्यापैकी अनेकांच्या मनात असेल, म्हणून तिच्यापासूनच आरंभ करतो.

साठीची शांत झाली की माणसाने आरामखुर्चीत बसावे, सुनेने चहा हातात आणून द्यावा आणि नातवाने चष्मा शोधून द्यावा, हे आपण सुखाचे लक्षण मानतो. ‘आता या वयात कशाला दगदग?’ हा प्रश्न घरोघरी मायेपोटीच विचारला जातो. परंतु या मायेने शरीराचा घात होतो. पेटीत ठेवलेले द्रव्य शिल्लक राहते. शरीराची शक्ती तशी राहत नाही. ती वापरली तरच टिकते.

वयाचा परिणाम मी नाकारीत नाही. श्रमाच्या वेळी प्राणवायू घेऊन तो वापरण्याची शरीराची जी कमाल क्षमता असते, ती तिशीनंतर बैठे जीवन जगणाऱ्यांत दर दहा वर्षांस साधारणतः दहा टक्क्यांनी उतरते. नेटाने व्यायाम चालू ठेवणाऱ्यांत हा उतार पुष्कळदा निम्म्यावर येतो. म्हणजे आपण ज्याला वार्धक्य म्हणतो, त्यातील बराचसा भाग वयाचा नसून बैठकीचा असतो.

याला आधार काय, असे कोणी विचारील. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या वैद्यांनी १९८४ साली पन्नाशी ओलांडलेल्या ५३८ धावणाऱ्यांची आणि तुलनेसाठी ४२३ इतर निरोगी व्यक्तींची नोंद घेण्यास आरंभ केला. २००८ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकोणीस वर्षांत धावणाऱ्यांपैकी १५ टक्के, तर इतरांपैकी ३४ टक्के मृत्यू पावले होते. धावणारी मंडळी मुळातच काहीशी सुदृढ असतील, हा आक्षेप रास्त आहे, आणि अभ्यासकांनीही तो ध्यानात घेतला होता. परंतु मला मृत्यूच्या आकड्यापेक्षा दुसरी गोष्ट मोलाची वाटते : उठणे, चालणे, कपडे घालणे यांत येणारी परावलंबिता धावणाऱ्यांना कित्येक वर्षे उशिरा गाठते. धावण्याने गुडघे झिजतात हा लोकप्रवादही त्याच मंडळींच्या तपासणीत खरा ठरला नाही.

आता चार माणसांची उदाहरणे देतो. पहिला आपल्या बाजूचाच. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. त्यांची निवड पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानातून झाली होती. लांब धावणे ही परकी, नवी चैन आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. दुसरे महर्षी धोंडो केशव कर्वे. हिंगण्याच्या आश्रमातून पुण्यास आणि परत अशी पायपीट त्यांनी वर्षानुवर्षे केली. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले आणि १९६२ मध्ये १०४ वर्षांचे होऊन ते निवर्तले. चालण्यामुळेच ते एवढे जगले असे मी म्हणणार नाही. पण कार्य पायांवर उभे असते, एवढे त्यांच्याकडून घ्यावे.

तिसरे कॅनडाचे एड व्हिटलॉक. २००३ साली, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांनी मॅरेथॉनचे ४२ किलोमीटरांहून अधिक अंतर तीन तासांच्या आत कापले. सत्तरी उलटलेल्या माणसाने हे पूर्वी कधीच केले नव्हते. त्यांचा सराव कसा, तर घराजवळच्या दफनभूमीतील वाटांवर दररोज दीर्घकाळ, संथपणे धावायचे. चौथे जालंधर जिल्ह्यातील फौजा सिंग. पारपत्रानुसार त्यांचा जन्म १९११ चा. दाखला नसल्याने विक्रमांच्या अधिकृत ग्रंथात त्यांची नोंद झाली नाही. लंडनची मॅरेथॉन ते प्रथम धावले २००० साली, ८९ व्या वर्षी. २०११ साली टोरांटो येथे शंभराव्या वर्षी त्यांनी तेच अंतर सव्वाआठ तासांच्या आत पूर्ण केले. जुलै २०२५ मध्ये रस्त्यावरील वाहनाची धडक बसून त्यांचा अंत झाला. अंथरुणाने त्यांना धरून ठेवले नव्हते.

या विभूतींचे अनुकरण करावे असा माझा आग्रह नाही. माझा स्वतःचा अनुभव निराळा आणि थोडासा लाजिरवाणा आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी धावू लागलो. चार वर्षांनी उत्साहाच्या भरात एका महिन्यात अंतर दुप्पट केले, आणि टाचेमागची शीर अशी दुखावली की तीन महिने काठी घ्यावी लागली. दोष धावण्याचा नव्हता, लोभाचा होता. उतारवयात दम लवकर वाढतो, परंतु स्नायुबंध आणि हाडे सावकाश तयार होतात. छाती ‘पुढे चल’ म्हणते तेव्हा टाचेची संमती घ्यावी.

त्या तीन महिन्यांत जे शिकलो, ते थोडक्यात सांगतो. प्रथम वैद्यांकडून हृदय, रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. पहिले दोन महिने केवळ भरभर चालावे. नंतर एक मिनिट धावावे, दोन मिनिटे चालावे, असा क्रम ठेवावा. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, इतकीच गती असावी. पावले लहान आणि जलद टाकावीत. पाय शरीराच्या खाली पडावा, पुढे लांब फेकू नये. मान आणि खांदे सैल असावेत. एक दिवस धावलो तर दुसरा दिवस विश्रांतीचा किंवा चालण्याचा मानावा. छातीत दाब, घेरी किंवा नेहमीहून वेगळी धाप जाणवली तर तेथेच थांबावे आणि उपचार घ्यावा. त्यात लाज कसली?

केवळ धावणे मात्र पुरेसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंच्या बळाचा व्यायाम सांगितला. पासष्टीपुढच्यांना तोल सांभाळण्याचा व्यायाम आणखी तीन दिवस सांगितला. आपल्या आजोबांच्या बैठका आणि औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी घरोघरी पोचविलेले सूर्यनमस्कार येथे उपयोगी पडतात. ज्यांना ते झेपत नाही, त्यांनी हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठावे. बोस्टनमध्ये १९९० साली नव्वदीच्या आसपासच्या शुश्रूषागृहवासीयांना आठ आठवडे वजनांचा व्यायाम दिला, तेव्हा त्यांच्या पायांचे बळ सरासरीने दुपटीहून अधिक झाले. तेव्हा ‘आता उशीर झाला’ ही सबब कोणाचीच उरत नाही.

भगिनींना दोन शब्द सांगावयाचे आहेत. माझी मातोश्री न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि मांडीचे हाड मोडले. जन्मभर जिने दुसऱ्याकडून पाण्याचा तांब्याही मागितला नाही, तिला शेवटची चार वर्षे प्रत्येक गोष्टीसाठी हाक मारावी लागली. आम्ही सेवा केली. परंतु हाक मारण्यापूर्वी ती काही वेळ गप्प राहत असे, ते मला अजून आठवते. तिने घरकाम अपार केले, पण तिच्या पायांच्या बळाचा, तिच्या तोलाचा विचार आम्ही कोणीच केला नाही. बायकांनी पहाटे बूट घालून रस्त्यावर धावावे काय, असे कोणी विचारील, तर त्यांना मी त्या चार वर्षांची आठवण देईन. लोक काय म्हणतील, याचा हिशेब लोकांनाच ठेवू द्यावा. मरण कोणाला चुकले आहे? पण मरणापूर्वीची वर्षे कशी जावीत, यात आपलाही थोडा हात आहे.

शेवटी मंडळास एक विनंती करतो. आपण विद्यार्थ्यांना पारितोषिके देतो, वधूवर मेळावे भरवितो. ज्येष्ठांचा मात्र शाल आणि नारळ देऊन सत्कार करतो आणि पुन्हा खुर्चीत बसवितो. येत्या रविवारपासून सकाळी सहा वाजता मी मंडळाच्या दाराशी उभा राहीन. वर्गणी नाही, गणवेश नाही. पायांत मऊ तळव्याचे बूट असावेत, एवढेच. पहिले दोन महिने आपण नुसते चालू. तरुणांनी आपल्या आईवडिलांना पोचवून परत जाऊ नये, त्यांच्याबरोबर चालावे. वर्षअखेरच्या संमेलनात आपल्यापैकी किती जण कठडा न धरता हा जिना चढतात, ते कार्यवाहांनी मोजावे आणि आज ते जसे हसले, तसेच त्या दिवशीही हसावे.